मागच्या सीटवरचं मुंडकं

अभयारण्याच्या फाट्यावर उतरलं की डाव्या हाताला माहिती केंद्र लागतं. बसकी कौलारू इमारत, पुढं चार पायऱ्या. आत गेलं की समोरच्या भिंतीवर गव्याचं मुंडकं आहे. दोन हातांच्या कवेत जेमतेम मावतील एवढी शिंगं, डावा कान फाटलेला, डोळे काचेचे. माणसं त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतात. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी त्या मुंडक्याखाली स्टुलावर बसून काढली. हातात फडकं. येणारा-जाणारा म्हणायचा, म्हातारा किती गरीब आहे बघा. गरीब कसला? मी एका माणसाची वाट बघत होतो.

हे आधीच सांगतो. मागनं कुणी म्हणायला नको की आम्हाला फसवलं.

मी चौथी शिकलेला. साठ सालाच्या पुढंमागं वनमजूर म्हणून लागलो. तेव्हा ना माहिती केंद्र होतं ना पायऱ्या. जंगल, पाऊस, जळवा आणि गवे. लग्न झालं तशी बायको माझ्यासंगं जंगलातल्या चौकीवर राहायला आली. ती मुरगूडकडची, म्हशीवाल्या घरची. पहिल्यांदा गवा बघितला तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, आता किंचाळंल म्हणून. ती म्हणाली, "काय वं, एवढी म्हसरं आनी एकालाबी दावं न्हाय?"

थंडी सरली की गव्यांना मीठ लागतं. ठरल्या जागी मातीत खडेमीठ कालवून ठेवायचं, मग ते येऊन चाटतात. त्या जागेला आम्ही चाटण म्हणतो. सरकारी पोतं यायचं आणि ते काम माझ्या नावावर होतं. मी पोतं नेऊन रिकामं करायचो, झालं काम. एक दिवस ती मागं आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही काय तऱ्हा? म्हसरास्नी मीठ घालताय का दगडं मारताय?"

"तुला काय कळतंय ह्यातलं?"

"व्हय व्हय, तुमीच तेवढं शहाणं. व्हा बाजूला."

तिनं हातभर खड्डा केला. तांबडी माती चाळली, त्यात मीठ मिसळलं, पाण्याचा हबका मारला आणि टाचेनं तुडवून तुडवून चुलीला पोतेरं घालावं तसं सारवून काढलं. मग तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा खड्यानं तीनदा वाजवला. माणूस आल्याचं गव्यांना कळावं, बुजू नयेत, म्हणून. आणि लांब करवंदीच्या जाळीमागं जाऊन बसली. त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. तिचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं.

दोन-चार वर्षांत असं झालं की डबा वाजला की अर्ध्या तासात गवे बाहेर. सगळ्यांत पुढं फाटक्या कानाचा थोरला नर. तो आधी खड्डा हुंगायचा, मग जाळीकडं बघून एक फुसकारा सोडायचा, मग जीभ लावायचा. ती म्हणायची, "बघा, मला इचारल्याबिगर खात न्हाय. तुमी कवा इचारलंय का?"

सत्तर सालानंतर नवे साहेब आले. तरणे, गोरे, बुटाला रोज पॉलिश. हुशार होते, खोटं कशाला बोलू. पर्यटक आणायचे, जंगल लोकांना दाखवायचं, हे त्यांच्या डोक्यातलं. चाटणासमोर लाकडी मनोरा त्यांनीच उभा केला आणि फाट्यावर माहिती केंद्राचा पायाही त्यांनीच काढला. मनोऱ्यावर पाहुणे चढले की साहेब घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "माझे गवे वेळ पाळतात." खाली जाळीत माझी बायको डबा मांडीवर घेऊन पदरात तोंड घालून हसायची. ती आहे हे पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

मग एका जानेवारीत फाटक्या कानाचा ओढ्यात मरून पडलेला सापडला. दुसऱ्या नरानं बरगडीत शिंग घातलं होतं. ती दिवसभर जेवली नाही. तिला दोन दिवसांपासून पोटात दुखत होतं, त्यात हे. साहेबांना मात्र आनंद झाला. माहिती केंद्रात लावायला असं मुंडकं शोधून मिळालं नसतं. त्यांनी ते तोडून घेतलं. नासू नये म्हणून आतबाहेर मीठ चोळलं, आमच्याच पोत्यातलं, आणि गोणपाटात गुंडाळलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत पेंढा भरणारा एक जुना कारागीर होता, संस्थानाच्या वेळेपासनं वाघ-अस्वलं भरणारा. त्याच्याकडं ते न्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जीप निघाली. पुढं ड्रायव्हर आणि साहेब. मागच्या सीटवर मुंडकं. त्या पहाटेपासनं बायकोला सरळ उभं राहता येत नव्हतं. उजव्या कुशीला हात दाबून धरलेला, अंगाला घाम. मी तिला धरून जीपपर्यंत आणली.

"साहेब, हिला कोल्हापूरला दवाखान्यात सोडा. लई दुखतंय."

साहेबांनी मागं बघितलं. "जागा कुठं आहे? दुपारची एसटी आहे ना."

"दुपारपर्यंत दम न्हाय हिच्यात."

"अरे, हे नासलं तर पुन्हा मिळणार आहे का?"

तेव्हा ती बोलली. वाकलेली होती, तसंच तोंड वर करून बोलली. "साहेब, मी मांडीवर घेते की त्याला. मला वळखतंय ते."

साहेब हसले. खरंच हसले. "आणि शिंग मोडलं तर? चल रे, घे गाडी."

जीप गेली. फाट्यावर जांभळीखाली एक दगड आहे, तिथं मी तिला बसवली. दुपारची एसटी आली नाही. घाटात बंद पडली होती, हे नंतर कळलं. उसाच्या एका गाडीवानानं संध्याकाळी पुढच्या गावापर्यंत नेलं, तिथनं एक ट्रक मिळाला, आणि कोल्हापूरचा सरकारी दवाखाना गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. डॉक्टर तरुण होता. त्यानं पोटाला हात लावला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच काहीतरी केलंय. "आत फुटलंय. काल का नाही आणलं?"



तिसऱ्या दिवशी ती गेली. जाताना शुद्धीवर होती. "डबा आत ठेवा," म्हणाली, "गंजंल." एवढंच.

दिवसकार्य झालं आणि चौदाव्या दिवशी साहेबांचा निरोप. मंगळवार पेठेत जा, कारागिरानं गव्याच्या डोळ्यांचा रंग विचारलाय, तुला माहीत असेल. मला वाटलं जाऊ नये. मग वाटलं, जाऊन बघावं की कशापायी ती गेली.

कारागीर म्हातारा मुसलमान होता. पांढरी दाढी, हाताला चामड्याचा वास. सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्यानं ताटलीत काचेचे डोळे मांडले.

"बोला पावणं. कुठला?"

"सावलीत तपकिरी, उन्हात निळं," मी म्हणालो. ती असंच म्हणायची.

"एकच सांगा की. डोळं काय सकाळ-संध्याकाळ बदलत बसू?"

मला रडू आलं. का आलं हे त्याला कळेना. मग मी सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा हात ताटलीवरच थांबला.

"अल्ला! आनी नासंल म्हनून घाई?" तो म्हणाला. "अवो, एवढं मीठ भरलेलं, चार दिवस काय झालं नसतं त्याला. आनी सायब तरी कुठं लगेच आलं? दिवं लागायच्या वक्ताला आलं. हितं जवळच कळंब्याला सासुरवाडीत जेवून, झोपून. बाईसाब व्हत्या की संगट."

"कुठं व्हत्या?"

"जीपमदी. मागं. मुंडक्याच्या शेजारी बसून आल्या कळंब्यापासनं. उतरताना साडीला मीठ लागलंतं, माज्या बायकोनं झटकलं."

मी तपकिरी डोळे घ्या म्हणालो आणि बाहेर पडलो. रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. शेजारी बसून आल्या. तेव्हापासून डोक्यात तेवढंच. भाकरी खाताना, झोपताना, जंगलात फिरताना. शेजारी बसून आल्या. जागा होती. एका बाईपुरती जागा त्या सीटवर होती.

त्या साली एप्रिलमध्ये माहिती केंद्राचं उद्घाटन ठरलं. मुंबईहून मंत्री येणार, आधी फीत कापणार, मग मनोऱ्यावरनं गवे बघणार. साहेबांनी मला बोलावलं. "मीठ टाकतोयस ना व्यवस्थित? तुझी बायको करायची तसं?"

"व्हय साहेब. अगदी तसंच."

आणि मी तसंच केलं. खड्डा, चाळलेली माती, पाण्याचा हबका, टाच. फक्त जागा बदलली. मनोऱ्यापासनं डोंगर ओलांडून दोन कोसांवर एक आडबाजूचं खोरं आहे, तिथं. सगळा मार्च महिना रोज पोतं डोक्यावर घेऊन मी तिथं जात होतो. मनोऱ्यासमोरच्या चाटणावर मिठाचा खडा नाही. नुसती तांबडी माती, वरनं छान सारवलेली. पहिल्या आठवड्यात गवे जुन्या जागी येऊन हुंगून गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांना माग लागला. महिना संपायच्या आत सगळा कळप खोऱ्यात. मी तिचा डबा वाजवायचो आणि ते यायचे. जाळीत बसून मला बरं वाटायचं. तिच्या मरणानंतर पहिल्यांदा.

उद्घाटनाच्या दिवशी मनोऱ्यावर बसायला जागा नव्हती. मंत्री, त्यांची माणसं, कोल्हापूरचे वकील-डॉक्टर, गळ्यात दुर्बिणी. साहेबांनी घड्याळ बघितलं. वरनं मला खूण केली. मी जाळीतनं एक नवा डबा वाजवला. तिचा मी आणला नव्हता.

अर्धा तास गेला, तास गेला. एक मोर आला आणि गेला. मंत्री म्हणाले, "काय हो, तुमचे गवे रजेवर आहेत का?" सगळे हसले. साहेबांच्या मानेवर लाल पट्टा चढला. ते तडतडत खाली उतरले, जाळीत आले आणि माझ्या हातनं डबा हिसकावून घेतला.

"बाजूला हो. नीट वाजवत नाहीस तू."

आणि मग ते बाहेर मोकळ्यावर गेले. कडक इस्त्रीचा गणवेश, पॉलिशचे बूट, हातात तेलाचा डबा. साहेब डबा बडवायला लागले. बडवतायत, थांबून जंगलाकडं बघतायत, पुन्हा बडवतायत. वरनं कुणीतरी ओरडलं, "साहेब, शिमगा झाला की मागच्या महिन्यात!" मनोरा हलंल एवढं हसले लोक. मंत्र्यांनी रुमाल तोंडाला लावला. मी जाळीत बसलो होतो, तिच्या जागेवर. तिच्यासारखं हसावं म्हणून उपरण्यात तोंड घातलं, पण हसू आलं नाही. दात मात्र इतके घट्ट आवळले होते की दुसऱ्या दिवशी भाकरी चावेना.

साहेब खुळे नव्हते. दोन दिवसांत खोऱ्यातलं चाटण त्यांना सापडलं. मला वाटलं, हाकलणार. त्यांनी मला माहिती केंद्रात नेलं आणि त्या मुंडक्याखाली उभं केलं.

"का केलंस?"

"जागा न्हवती साहेब, मनोऱ्यापाशी. गव्यास्नी."

त्यांना कळलं. डोळ्यांत दिसलं की कळलं. तेव्हा ते म्हणाले असते, "माझं चुकलं," तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. ते म्हणाले, "उद्यापासनं मिठाला हात लावायचा नाही. जंगलात पाऊल टाकायचं नाही. इथं बसायचं आणि हे पुसायचं. रोज."

त्यांना वाटलं ही शिक्षा. अडाणी माणूस, बसंल गप फडकं मारत. पण माहिती केंद्रात येणारा प्रत्येक माणूस त्या मुंडक्याखाली थांबतो आणि एकच विचारतो, हा कसा मेला? इथं कसा आला? आणि तिथं सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मीच होतो.

मग मी सांगायला लागलो. चाटणाचं सांगायचो, डब्याचं सांगायचो, मग जीपचं. "मी मांडीवर घेते की," हे तिचं वाक्य सांगायचो तेव्हा बाया डोळे पुसायच्या. पुढं साहेबांची बदली झाली, बढतीवर. नवे आले, त्यांतला एकजण म्हणाला, "मामा, हे सरकारी माहितीत येत नाही." मी म्हणालो, "ह्यातलं खोटं कुठलं ते सांगा, तेवढं गाळतो." ते गेले निघून. अकरा वर्षं. शाळा, कॉलेजं, बँकेची माणसं, नवरा-नवरी. साहेबाचं नाव मी कधी घेतलं नाही. आणि कळंब्याचं सांगितलं नाही. कळंब्यापासनं मागच्या सीटवर कोण बसलं, हे मी राखून ठेवलं होतं. ते त्याच्या एकट्यासाठी होतं. तोंडावर मारायला.

माझं रिटायर व्हायचं वर्ष. फेब्रुवारीत मुरगूडच्या शिक्षकांची सहल आली होती, दहा-बारा जण. माझ्या सासरवाडीची माणसं म्हणून मी जरा जोरातच सांगत होतो. तेवढ्यात पायऱ्यांवर बूट वाजले. बुटाला पॉलिश. वर बघतो तर साहेब. पोट सुटलेलं, केस काळे केलेले. संगं बायको. बाहेर पांढरी मोटार.

"काय, ओळखलंस का?" ते म्हणाले. बायकोला दाखवायला मोठ्यानं.

"मुंडकं वळखतंय की तुमास्नी," मी म्हणालो आणि शिक्षकांकडं वळून सांगणं चालू ठेवलं. बाई पुढं येऊन ऐकायला लागल्या. साहेब दाराकडं सरकले. मी थांबलो नाही. पोटात दुखणं, घाम, "जागा कुठं आहे," मांडीवर घेते, शिंग मोडलं तर. दगड. एसटी. ट्रक. डॉक्टर. मग मी श्वास घेतला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पुढचं बोललो.

"आनी जीप सरळ मंगळवार पेठेत गेलीच न्हवती. कळंब्याला थांबलीती. सासुरवाडीला. जेवाय."

मुरगूडच्या एक शिक्षिका म्हणाल्या, "कोण हो हा मेला साहेब? हाय का जित्ता?"

मी उत्तर द्यायच्या आत बाई बोलल्या. साहेबांच्या बायको. हळू, स्वतःशी बोलल्यासारखं. "कळंब्याला... अहो, हे मुंडकं मला दाखवायला आणलं होतं तुम्ही. मी पुढं मंगळवार पेठेपर्यंत आले की तुमच्याबरोबर." त्या मुंडक्याकडं बघत होत्या. "मी मागं बसले होते. ह्याच्या शेजारी. साडीला मीठ लागलं होतं."

अकरा वर्षं जे वाक्य मी दाताखाली धरून ठेवलं होतं, ते त्यांनीच काढून घेतलं.

साहेब म्हणाले, "चल, उशीर होतोय."

"जागा होती की अहो."

"तेव्हा पोतं जरा सरकवलं होतं," साहेब म्हणाले.

त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण तोंड उघडंच राहिलं. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं बघितलं. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, हात पुढं आला आणि मागं गेला. मी मान फिरवली. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी फिरवली.

त्या पायऱ्या उतरल्या. ड्रायव्हरनं मोटारीचं दार उघडलं. त्या मोटारीपाशी थांबल्याच नाहीत, सरळ फाट्याकडं चालत गेल्या आणि जांभळीखालच्या दगडावर बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना कुठला दगड ते. तिथं दुसरा बसायला नाहीच. साहेब मागनं गेले. काय बोलले ते लांबनं कळलं नाही, नुसते हात दिसले. एकदा त्यांनी घड्याळ बघितलं. मोटार दार उघडं ठेवून उन्हात उभी.

पुष्कळ लोकांनी नंतर मला विचारलं, आता तरी मन शांत झालं का? नाही झालं. "सरकवलं होतं" हे त्यानं चारचौघांत कबूल केलं, त्याचं बरं वाटलं, ते का लपवू? पण माफ केलं का? अजिबात नाही. मी आज मेलो तरी नाही. आमच्या घरी आत फडताळात तिचा डबा आहे. गंजू दिला नाही.

त्या दिवशी मी दारात फडकं घेऊन उभा राहिलो. बाई दगडावर पदर आवळून बसल्या होत्या, साहेब उन्हात उभे. शिक्षकही पायऱ्यांवर येऊन बघत राहिले. दुपारच्या एसटीला अजून अवकाश होता. साहेबांना तेवढा वेळ सगळ्यांसमोर तिथं उभं राहावं लागलं.

एसटी वेळेवर आली. बाई एकट्या चढल्या. त्या एसटीत भरपूर जागा होती.